राजे स्वतः बोलले

आमच्या नाटक कंपनीत माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे ‘राजे’ म्हणतात. जन्मभर त्यांनी राजेच रंगवले. मधे एकदा दिग्दर्शकांनी त्यांना साध्या कारकुनाची भूमिका दिली होती, तर प्रेक्षक शेवटपर्यंत वाट बघत बसले की हा कारकून आता टोपी काढून मुकुट घालणार. उंची, भरदार छाती, आणि आवाज असा की मागच्या रांगेत डुलकी काढणारा माणूस खडबडून जागा होतो. मी कंपनीचे कपडे शिवते, सांभाळते, इस्त्री करते आणि कुणी शिवण उसवून आणली की त्याची खरडपट्टी काढते. राजांना मी ‘तुम्ही’ म्हणते. त्या ‘तुम्ही’त मान किती आणि टोमणा किती, हे त्या दिवशीच्या माझ्या मूडवर असतं.

माझी बहीण धाकटी ही आमची प्रॉम्प्टर. विंगेत, पडद्याच्या आड, लहानशा दिव्याखाली स्टुलावर बसते आणि नट अडखळला की पुढचा शब्द पुरवते. या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. नटाचा श्वास जरा लांबला की तिला कळतं, हा आता अडकणार. प्रेक्षकांना सुगावा लागायच्या आत शब्द त्याच्या कानात पडलेला असतो. आणि आमच्याकडे एक नियम आहे, मुरलेल्या नटांनाही तो सुटलेला नाही. विंगेतून आलेला शब्द घ्यायचा. चुकीचा वाटला तरी घ्यायचा आणि पुढे जायचं, कारण रंगमंचावर उभं राहून प्रॉम्प्टरशी वाद घालायला लागलं तर नाटकाचा खेळखंडोबा होतो.

राजांच्या अंगात हा नियम इतका भिनला की घरीसुद्धा तेच चालू झालं. दुकानदार विचारायचा, साहेब, कॉलरचं माप काय? राजे श्वास घ्यायचे आणि धाकटी माप सांगून मोकळी. पाहुणे विचारायचे, तब्येत काय म्हणते? धाकटी म्हणायची, छान आहे, आणि राजे मान डोलवायचे. रंगमंचावर भल्यामोठ्या सैन्याला भाषणं ठोकणारा हा माणूस स्वतःबद्दल एक वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलत नव्हता. दोघांनाही त्याची गंमत वाटायची. मला मात्र राग यायचा, पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण.

एके दुपारी मी सैनिकांच्या विजारींना इस्त्री करत होते, तेवढ्यात धाकटी कपड्यांच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

“ताई, मी जातेय.”

“कुठं?”

“कुठंही. त्यांच्यापासून लांब.”

मी इस्त्री उभी केली. धाकटी विजारींच्या ढिगावरच बसली. एरवी मी तिला तिथून हुसकलं असतं, पण तिचा चेहरा बघून बसू दिलं.

“वर्ष होऊन गेलं, ताई. जवळच येत नाहीत माझ्या. आधी काही वेळा... म्हणजे, जमलं नाही. होतं कधी कधी, मी काही बोलले नाही. मग ते पाठ फिरवून झोपायला लागले. आता तर बाहेरच्या खोलीतच गादी टाकतात. विचारलं की म्हणतात, पाठांतर करतोय. ते नाटक पाठ आहे गं त्यांना! झोपेत म्हणतात!”

“मग तू विचारलंस नीट?”

“काय विचारू? मी नकोशी झाले का, असं विचारू? आणि हो म्हणाले तर?” तिनं डोळे पुसले. “बहुतेक दुसरी कुणीतरी आहे.”

माझं डोकं फिरलं. त्या वर्षी कंपनीत राणीच्या भूमिकेला नवी मुलगी आली होती, आणि मी काहीएक चौकशी न करता त्याच संध्याकाळी तिचा झगा कंबरेत अर्धा इंच आत घेतला. बिचारीनं पुढचे दोन प्रयोग श्वास न घेता काढले. तिचा काडीचाही संबंध नव्हता, हे नंतर कळलं आणि झगा मी सैल करून दिला.

खरी गोष्ट अशी होती की राजांचं शरीर त्यांना साथ देत नव्हतं. मन होतं, धाकटीवर जीव होता, पण ऐन वेळी ताठरपणा यायचा नाही, आला तर टिकायचा नाही. हे पुष्कळ पुरुषांना होतं आणि त्यावर पुष्कळ उपाय आहेत, हे आता मलाही माहीत आहे. राजांना तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की हे वाक्य ज्या बाईला सांगायचं, तीच आजवर त्यांना वाक्यं पुरवत आली होती, आणि या प्रसंगाचं तिच्याकडे काही लिहिलेलं नव्हतं. मग ते गप्प बसले.

गप्प बसलेल्या माणसाला मदत करायला आमचा मेकअपमन टपलेलाच असतो. गालावर रंग चढवता चढवता तो जगातल्या सगळ्या रोगांवर औषधं सांगतो. राजांनी त्याला काय सांगितलं आणि काय नाही कोण जाणे, पण एक दिवस त्यानं पावडरच्या डब्यामागून एक पाकीट काढून दिलं. पाकिटावर उधळलेला घोडा. आत हिरव्या कॅप्सूल.

“शुद्ध झाडपाला आहे,” तो म्हणाला. “औषध नव्हेच. अपाय शून्य. माझ्या ओळखीचा माणूस स्वतः बनवतो.”

राजे ती घ्यायला लागले. घेतली की डोकं ठणकायचं, चेहरा तापायचा, नाक चोंदायचं, आणि धाकटीच्या खोलीपर्यंत जायचा धीर तोवर ओसरून जायचा. औषध नव्हेच म्हटल्यावर ते कुणाला सांगायचा प्रश्नही उरला नाही. आम्हा दोघी बहिणींना हे सगळं मागाहून कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या रविवारी काय पणाला लागलं होतं ते तुमच्या लक्षात येईल.

रविवारी दुपारचा प्रयोग होता, नाट्यगृह गच्च भरलेलं. पहिला अंक टाळ्यांत संपला, पडदा पडला आणि राजे विंगेतून आत आले ते छातीवर तळवा दाबूनच. मेकअपच्या खोलीतल्या खुर्चीत धपकन बसले. कपाळावरचा रंग घामानं वाहून दाढीत उतरला होता.

“अहो, काय होतंय?” धाकटी त्यांच्या पायाशी बसली.

त्यांना बोलता येईना. दिग्दर्शकांनी तोवर फोन लावला होता. हॉस्पिटल दोन चौक सोडून होतं, त्यामुळे ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला नाही. मी त्यांचं चिलखत काढायला घेतलं. ते रेक्झिनचं चिलखत माझ्या हातचं, पाठीवर नाडीनं आवळलेलं. अंक सुरू व्हायच्या आधी गाठ मीच मारली होती आणि आता ती मलाच सुटेना. मी कात्री घेतली आणि वरपासून खालपर्यंत नाडी कापून काढली. मी फार घाबरले होते.

ॲम्ब्युलन्सबरोबर एक तरुण डॉक्टर आली, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली आणि माझ्यासारखीच तापट. दारात सगळी कंपनी लोटली होती. सैनिक, राणी, दिवेवाला, दिग्दर्शक, मेकअपमन.

“गर्दी कमी करा,” ती म्हणाली. कुणी हललं नाही. तिनं दुसऱ्यांदा सांगण्यात वेळ घालवला नाही, राजांच्या छातीवर वायरी चिकटवायला लागली. “दुखतंय कुठं?”

राजांनी श्वास घेतला. “छातीत मधोमध,” धाकटी म्हणाली. “हात पण चोळत होते डावा.”

“आधी कधी असं झालंय?”

“नाही.”

“आजार कुठला?”

“रक्तदाब. बाकी काही नाही.”

“गोळ्या?”

“फक्त रक्तदाबाची. सकाळी एक.”

डॉक्टरनं यंत्रातून निघालेला कागद बघितला, एक गोळी राजांच्या तोंडात घालून चावायला लावली आणि पिशवीतून एक छोटी बाटली काढली. “हा जिभेखाली मारायचा फवारा आहे. याच्यानं छातीवरचा भार हलका होईल. पण देण्याआधी एक विचारते. हे मी सगळ्या पुरुषांना विचारते, त्यामुळे लाजायचं कारण नाही. गेल्या दोन-तीन दिवसांत लैंगिक ताकदीसाठी काही घेतलंय? गोळी, कॅप्सूल, पावडर? झाडपाल्याची म्हणून विकतात ती सुद्धा मोजायची.”

राजांचा श्वास लांबला.

वीस वर्षं त्या श्वासावर माझी बहीण जगली होती. तिनं एक क्षणही जाऊ दिला नाही. “छे, छे! ते असलं काही घेत नाहीत,” ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. ज्या नवऱ्यानं वर्षभर हात लावला नाही, तो असलं औषध कशाला घेईल?

आणि राजांची मान हलली. विंगेतून शब्द आला, मान हलली, जन्माची सवय. डॉक्टरनं बाटलीचं टोपण काढलं.

“जीभ वर करा,” ती म्हणाली.

मी सगळ्यांकडे बघत होते म्हणून मला दिसलं, की मेकअपमन भिंतीसारखा पांढरा पडलाय आणि स्वतःच्या बुटांकडे बघतोय. मला त्याचा अर्थ कळला नाही. राजांनी जीभ वर केली होती. बाटली ओठांपाशी आली, आणि त्याच वेळी त्यांनी हात उचलून त्या बाटलीचं तोंड मुठीत घट्ट धरलं.

“नाही,” ते म्हणाले.

“अहो, घ्या ना!” धाकटी रडायला लागली.

“नाही. तू म्हणालीस ते बरोबर नाही.” हा त्यांचा रंगमंचावरचा आवाज नव्हता. त्यात दम नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “हिला माहीत नाही, डॉक्टर. मी घेतलीय. काल संध्याकाळी घेतली, आज सकाळी घेतली. महिनाभर घेतोय. मला जमत नाही. माझ्या बायकोवर माझं प्रेम आहे आणि मला जमत नाही, म्हणून घेतलीय.”

मुकुट घातलेला माणूस, अर्धी दाढी गळून पडलेली, सगळ्या सैन्यासमोर आणि राणीसमोर हे बोलला. डॉक्टरनं बाटलीला टोपण लावलं आणि ती पिशवीत टाकली.

“शाबास,” ती म्हणाली. “स्वतःचा जीव वाचवलात तुम्ही आत्ता. त्या गोळीवर हा फवारा पडला असता तर रक्तदाब असा कोसळला असता की मला सावरायला सवड मिळाली नसती.” मग ती दाराकडे वळून ओरडली, “पाकीट कुणी दिलं? आणा इकडे!”

मेकअपमननं घोड्याचं पाकीट पुढे केलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. “काय घातलंय ते छापलेलंच नाही. असल्या पाकिटांत पुष्कळदा ताकदीची ती दुकानातली गोळीच गुपचूप कुटून भरलेली असते, आणि किती भरलीय ते भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. झाडपाला म्हणे!” तिनं स्ट्रेचर उचलायला सांगितलं आणि जाता जाता हॉस्पिटलला फोनवर बजावलं, या पेशंटला नायट्रेट, म्हणजे त्या फवाऱ्यातलं औषध, अजिबात द्यायचं नाही.

राजांना नेलं तेव्हा मला रडू फुटलं. भीती होतीच, पण खरं सांगते, त्याहून जास्त अभिमान होता. इतक्या वर्षांत मी त्यांना कितीतरी लढाया जिंकताना पाहिलं होतं, सगळ्या लाकडी तलवारींच्या.

हॉस्पिटलात मनगटातून तार घालून डॉक्टरांनी हृदयाची बंद होत आलेली रक्तवाहिनी उघडली आणि तिथं बारीक जाळीची नळी बसवली. धाकटी आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिच्या अंगावर अजून विंगेतला काळा सदरा होता.

“ताई, मी त्यांचा जीव घेत होते.”

“तुला जे माहीत होतं ते तू बोललीस.”

“मला काहीच माहीत नव्हतं गं!” ती म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि त्या बाकावर, त्या फिनेलच्या वासात, माझी बहीण डोळ्यांतून पाणी गळत असताना हसायला लागली. “म्हणजे मी नकोशी नव्हते. ताई, ऐकलंस ना तू? सगळ्यांसमोर म्हणाले. प्रेम आहे म्हणाले.”

“ऐकलं. दिवेवाल्यानंसुद्धा ऐकलं.”

हृदयाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी राजांना विचारलं, तो दुसरा त्रास केव्हापासून आहे? राजांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे तक्रार आधी तिथं सुरू होते. वर्षापूर्वी आला असतात तर हृदयाचंही तेव्हाच कळलं असतं. लोक लाजतात आणि आम्हाला उशिरा भेटतात.”

पुढचे काही महिने चालणं, पथ्य आणि विश्रांती यांत गेले. राजांची सिगरेट सुटली, ती सोडवण्याचं श्रेय मी घेते, कारण पाकिटं मी शोधून शोधून फेकली. फिरत्या पट्ट्यावर पळवून हृदयाची परीक्षा झाली, तीत राजे पास झाले, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना त्या दुसऱ्या त्रासाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी दोघांच्या सोबत गेले होते, बाहेर मासिक चाळत बसणार होते.

“ताई, तुम्हीही आत या,” राजे म्हणाले. “सगळ्या कंपनीनं ऐकलंय. तुमच्यापासून काय लपवायचं राहिलंय आता?”

हे डॉक्टर वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलणं असं की दाढ दुखते का विचारतायत. “काय त्रास आहे?” त्यांनी विचारलं. राजांचा श्वास लांबला. धाकटीचं तोंड उघडलं, आणि तिनं स्वतःच्याच हातानं ते दाबून धरलं. तिला ते किती जड गेलं ते मी पाहिलं. खोलीत पंख्याची घरघर सुरू होती. डॉक्टर पेनाशी खेळत थांबले होते, त्यांना काही घाई नव्हती.

मग राजे बोलले. केव्हा सुरू झालं, कसं वाढलं, पहाटे जाग येते तेव्हा काय असतं आणि काय नसतं, बाहेरच्या खोलीत गादी का नेली, सगळं. अडखळले, थांबले, मागे जाऊन दुरुस्त केलं. कुणी शब्द पुरवला नाही. संपल्यावर त्यांनी रुमालानं मान पुसली आणि धाकटीनं त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “आता ऐका. साखर आणि हार्मोन तपासून घेऊ. रक्तदाबाची तुमची गोळी हेही या त्रासाचं एक कारण असू शकतं; ती बदलता येते का ते मी हृदयवाल्यांना विचारतो. तुम्ही मनानं बंद करायची नाही.”

“आणि ती गोळी? खरी, दुकानातली?” राजांनी विचारलं.

“चांगली गोळी आहे. पुष्कळांना मी पहिल्यांदा तीच देतो, तपासून आणि मापात. पण त्या कॅप्सूल सुटल्यावर हृदयवाल्यांनी दिलेला छातीदुखीचा फवारा आता तुमच्या खिशात असतो. तो फवारा आणि ही गोळी एका शरीरात कधीच एकत्र येता कामा नये. तेव्हा तो फवारा जोवर आहे, तोवर तुमच्यासाठी ही गोळी नाही. पुढे हृदयवाल्यांनी तो बंद केला तर बघू.”

राजांचा चेहरा पडला. डॉक्टर हसले. “एवढ्यात पडदा पाडू नका. पंप असतो. नळकांडं लावायचं, हवा काढायची, रक्त आपोआप ओढलं जातं. मग बुडाशी रबराची रिंग चढवायची. रिंग अर्ध्या तासाच्या आत काढायची म्हणजे काढायचीच. तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे काळेनिळे डाग पडू शकतात, तेव्हा हळू, आणि पहिल्यांदा इथं शिकून मगच घरी. त्यानं नाही भागलं तर इंजेक्शन आहे.”

“कुठं?” राजांनी विचारलं.

“तिथंच.”

राजांनी पाय जुळवून घेतले.

“सुई बारीक असते. पण त्यात एक लक्षात ठेवायचं, चार तास झाले तरी उतरलं नाही तर फुशारक्या मारत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि कशानंच भागलं नाही तर ऑपरेशन करून आत आधार बसवता येतो. तुम्ही तिथवर जाल असं मला वाटत नाही.” त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच धाकटीकडे बघितलं. “आणि एक औषध तुम्हा दोघांना. महिनाभर काही साधायचंच नाही. नुसतं एकमेकांच्या जवळ झोपायचं. बाहेरच्या खोलीतली गादी गुंडाळून माळ्यावर टाका.”

“टाकली,” धाकटी म्हणाली. हा शब्द तिचा स्वतःचा होता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

पंप आला. पहिल्या प्रयत्नाबद्दल धाकटीनं मला एवढंच सांगितलं की त्याचा आवाज ऐकून दोघं इतके हसले की पुढे काही झालंच नाही, आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसत हसत एका पांघरुणात झोपले. मला तेवढं पुरेसं होतं. मी पुढचं विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं श्रेयही मला मिळायला हवं.

गंमत वेगळीच झाली. राजे कंपनीत परत आल्यावर माझ्या कपड्यांच्या खोलीत पुरुषांची वर्दळ वाढली. पहिल्यांदा दिवेवाला आला, बटण लावून घ्यायला. बटण जागच्या जागी होतं. इकडे तिकडे बघून म्हणाला, “ताई, राजांचे ते डॉक्टर... त्यांचा पत्ता मिळेल? माझ्या एका मित्राला हवाय.” मग सैनिकांचा सेनापती आला, त्यालाही एक मित्र होता. दिग्दर्शक तर विजारीची शिलाई बघायला दोनदा आले आणि दोनदा हवामानावर बोलून परत गेले. तिसऱ्यांदा मीच पत्ता लिहिलेला कागद त्यांच्या खिशात घातला. शेवटी मेकअपमन आला. त्यानं मित्राचं नाव पुढे केलं नाही. “ताई, माझ्यासाठी हवाय,” म्हणाला, आणि घोड्याची उरलेली पाकिटं माझ्या टेबलावर ठेवली. मी ती त्याच्यादेखत पाण्यात ओतून नष्ट केली, वर दहा मिनिटं त्याला झापलं, आणि मग पत्ता दिला.

नव्या नाटकाची तालीम सुरू झाली. सकाळी सगळे वेळेवर हजर, फक्त राजे आणि धाकटी नाहीत. ही दोघं आयुष्यात तालमीला उशिरा आलेली नव्हती. दिग्दर्शकांनी घड्याळ बघितलं. हातातली टेप तशीच टाकून मी फोन शोधायला लागले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दार उघडलं.

राजे पुढे, धाकटी मागे. राजांचे केस विस्कटलेले. धाकटीचा स्वेटर उलटा, शिवण बाहेर, मानेपाशी लेबल लोंबतंय. शिवण उलटी असलेली मला अंधारातही दिसते, पण त्या दिवशी ती सगळ्यांनाच दिसत होती.

“उशीर का झाला?” दिग्दर्शकांनी विचारलं.

धाकटीनं तोंड उघडलं नाही. ती मजेत नवऱ्याकडे बघत उभी राहिली. आणि राजांनी छाती भरून श्वास घेतला, या खेपेला आपला तो मागच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज लावला आणि म्हणाले, “आज सकाळी मला आणि माझ्या बायकोला वेळेचं भान राहिलं नाही.”

टाळी पहिल्यांदा दिवेवाल्यानं वाजवली. मग सेनापतीनं, मग मेकअपमननं दोन्ही हात डोक्यावर नेऊन, आणि बघता बघता सगळी कंपनी खुर्च्या सरकवून उभी राहिली. दिग्दर्शक टाळ्या वाजवत होते आणि नाक शिंकरत होते. राजांनी झुकून मुजरा केला. मी गर्दीतून वाट काढत बहिणीजवळ गेले, तिला मिठी मारली आणि कानात म्हणाले, “अगं, स्वेटर उलटा घातलायस. चल आत, सुलटा करून देते.”

“माहीत आहे, ताई,” धाकटी म्हणाली. लाल झाली होती, पण मान ताठ होती. “राहू दे. बघू दे सगळ्यांना.”